जळोचीच्या मळ्यातली सनई

निमगाव केतकी, ता. इंदापूर
२७ नोव्हेंबर १९५५

चि. सौ. बनाबाई हिस,

कुंडलिकचे आशीर्वाद. अकरा वर्षांनी माझं अक्षर पाहून तू दचकशील, म्हणून कारण आधीच सांगतो.

पुण्याचे शिरवळकर नावाचे एक गृहस्थ गेल्या आठवड्यात आमच्या शाळेत आले होते. त्यांच्याकडे आवाज धरून ठेवणारं यंत्र आहे. ते जीपमध्ये घालून गावोगाव हिंडतात आणि जुन्या वाजंत्र्यांचं, गोंधळ्यांचं वाजवणं-गाणं त्यात भरून घेतात. इंदापुरात त्यांना कोणीतरी रावजीकाकांचं नाव सांगितलं. "असा सनईवाला या भागात पुन्हा झाला नाही म्हणतात. पण तो आहे की गेला, हे मला कोणी सांगू शकत नाही," असं ते म्हणाले. मी म्हणालो, गेलेले नाहीत. माझ्या वडिलांचे चुलतभाऊ आहेत, जळोचीला लेकीजवळ मळ्यात राहतात.

पण सांगितल्यावर माझं मलाच वाटलं, मला तरी कुठे खात्री आहे? तुमच्या जळोचीचा गेणबा दर बाजाराला इथे वांगी घेऊन येतो. त्याला विचारलं, तर म्हणाला, "सनई रोज सकाळी वाजती की, मास्तर. पन रावजीबाबांस्नी पाच-सा वर्सांत डोळ्यानं बगितलं म्हनाल, तर न्हाय."

काकांची तब्येत कशी आहे ते कळव. त्यांचं पूर्ण नाव आणि वयही कळव, शिरवळकरांना ते कागदावर हवं आहे. मार्गशीर्षात यंत्र घेऊन आले तर चालेल का, तेही लिही.

तात्या बरे आहेत. मी तुला पत्र लिहितोय हे त्यांना सांगितलेलं नाही.

तुझा,
कुंडलिक


जळोची, बारामती
४ डिसेंबर १९५५

कुंडलिकदादा यांस बनाचा नमस्कार.

पत्र पोचलं. कार्डावर लिहीत जाऊ नका. हितला पोस्टमन आधी सोता वाचतो, मग चार जणांस्नी सांगतो, मग आमाला देतो. आन् माझ्या नावाच्या आधी सौ. लिहू नका. नवऱ्यानं दुसरी आणली त्याला सहा वर्सं झाली. ते तुमाला ठाऊक हाय.

आबा कुणाला भेटत न्हाईत. यंत्रवाल्याला पाठवू नका.

एक गोष्ट मला कळंना. अकरा वर्सांत आबा जेवले का उपाशी हे कुणी इचारलं न्हाय. आन् आता एकदम वय पायजे, पूर्ण नाव पायजे, तब्येत पायजे. निमगावच्या जमिनीच्या उताऱ्यावर आबांचं नाव तुमच्या वडलांच्या, तात्यांच्या संगं अजून हाय. आबांना मुलगा न्हाय. आबा गेले, की ते नाव निघणार आन् समदी जमीन एका घरात जाणार. हे मला बारामतीच्या एका वकिलाच्या कारकुनानं फुकट सांगितलं. मग तुमचं ते शिरवळकर सनईवाले हायेत का तलाठ्याकडचे, ते मला कसं कळावं?

आबांचं वय लिहून देत न्हाय. ते हायेत, एवढं लिहून देते.

बना


निमगाव केतकी
२० डिसेंबर १९५५

चि. बना हिस आशीर्वाद.

जमिनीचं तू लिहिलंस त्याने मला झोंबलं. मी मास्तर माणूस. नांगराला हात लावून मला दहा वर्षं झाली. पण तुला वाटलं ते वाटलं. म्हणून पत्राने न बोलता मी स्वतः आलो. शनिवारी शाळा सुटल्यावर एस. टी. धरली, गेणबाच्या घरी मुक्काम केला आणि रविवारी सकाळी तुझ्या मळ्याकडे आलो.

तू मला कुंपणाशीच अडवलंस. "आबा निजलेत," म्हणालीस. तू हात आडवा धरून उभी होतीस, ते मी विसरणार नाही. माणूस निजलेला असेल तर दाराला बाहेरून कडी कशाला? ती मी पाहिली. दोरीवर दोन धोतरं वाळत होती, तीही पाहिली.

तू मला पाहण्याआधी मी अर्धा तास कालव्याच्या कडेला बसलो होतो, हे तुला ठाऊक नाही. सनई मी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली.

बना, ती काकांची नव्हे.

लहानपणी मी काकांच्या मांडीला मांडी लावून बसत असे. त्यांचा दम मला माहीत आहे. गाल भरून एकदा सूर लावला की माणूस पाणी पिऊन येईल, तरी तो सूर तिथेच असे. आताचा वाजवणारा मध्येच दम चोरतो. चाल सगळी काकांची आहे, वळणं त्यांची आहेत, पण छाती दुसऱ्याची आहे. गेणबाच्या बायकोला, भामाबाईला, मी सहज म्हणून विचारलं, तर तिने आधी इकडे तिकडे पाहिलं आणि मग म्हणाली, "आमी काय बोलावं? एकट्या बाईचा मळा त्यो."

मी तुझा थोरला भाऊ लागतो, म्हणून सरळ विचारतो. मळ्यात राहतो तो माणूस कोण? आणि काका कुठे आहेत?

कुंडलिक


जळोची
२५ डिसेंबर १९५५

कुंडलिकदादा,

बाप जिता हाय माझा. त्याच्या लेकीला तुमी हे इचारता.

भामाबाईचं तोंड मला ठाऊक व्हतं. तुमी शिकलेले म्हणून तुमचं येगळं असंल वाटलं व्हतं. बाई एकटी, दोरीवर धोतर, म्हंजी माणूस ठेवला. झालं तुमचं गणित. दाराला बाहेरून कडी लावते, कारण वाऱ्यानं दार आपटतं आन् आबा दचकतात. पटलं तर पटलं, न्हाईतर राहिलं.

आता माझं इचारते. आबांनी सनई गावातनं का उठवली, निमगाव का सोडलं, हे तुमी कधी तुमच्या वडिलांना इचारलंय का? अकरा वर्सांमागं वैशाखात इंदापूरला लग्न व्हतं. आबा सनईवर, तात्या सुराला, म्हंजी मागं दुसऱ्या सनईवर एकच सूर धरून. त्या दिवशी सकाळी निमगावात माझ्या आईला पटकी झाली. तुमी तवा पुण्याला मास्तरकीच्या शाळेत व्हता. मी पंधरा वर्सांची. मीच शेजारच्या रामहरीला सायकलवर इंदापूरला धाडलं, का आबांना घेऊन ये, आई वाचत न्हाय. दहाच्या आत रामहरी तितं पोचला. येऊन त्यानं मला सांगितलं, निरोप हिंदुरावतात्यांच्या कानात घातला.

आबा आले ते दिवस मावळल्यावर. वरात घरी पोचवून. आई चार वाजता गेली. "रावजी आले का" हेच इचारत गेली.

तात्यांना इचारा. मग माझ्या दारातली धोतरं मोजा.

बना


निमगाव केतकी
९ जानेवारी १९५६

चि. बना हिस,

विचारलं. तात्या ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. मी म्हणालो, "तात्या, कुशाकाकी गेल्या त्या दिवशी इंदापूरला निरोप आला होता का?" त्यांनी मान वर केली नाही. "कसला निरोप?" म्हणाले. मी रामहरीचं नाव घेतलं. "रामहरी आलाच न्हाय. येशीपातूर आला असंल आन् पिऊन पडला असंल. रावजीला बायकोचं दुःख झालं, ते त्यानं माझ्या डोक्यावर घातलं," एवढं म्हणून ते उठून गेले.

रामहरी वारला त्याला चार वर्षं झाली, तेव्हा त्याला विचारायची सोय नाही. खरं कोण, मला ठरवता येत नाही. पण एक दिसतं. काकांचं विचारलं की तू तात्यांचं काढतेस. माझ्या प्रश्नाला तू दोन पत्रांत उत्तर दिलेलं नाहीस.

मी चार दिवस विचार केला. काका जिवंत असतील, तर ते कोणाच्या तरी डोळ्यांना दिसले पाहिजेत. म्हणून काल मी तुमच्या गावच्या पोलीस पाटलांना पत्र टाकलं, की म्हाताऱ्या माणसाची खुशाली एकदा स्वतः पाहून कळवावी. एवढंच लिहिलंय, तुझ्यावर आळ घातलेला नाही. मला हे करावं लागलं. रागावू नकोस.

कुंडलिक


जळोची
१६ जानेवारी १९५६

पाटील येऊन गेले. संगं दोन माणसं घेऊन आले व्हते. मागनं भामाबाई आन् निम्मी आळी कुंपणाला.

पाटलांनी कडी काढली. आबा खाटंवर पडले व्हते. आबांचं उजवं अंग गेलंय. तोंड वाकडं झालंय, लाळ गळती, जीभ वळत न्हाय. सहा वर्सं झाली, दिवाळीच्या पाडव्यापास्नं. मी नवऱ्याकडनं परत आले, त्याच्या दुसऱ्या महिन्यात. अंथरुणात व्हतं समदं, म्हणून धोतरं दोन लागतात. कवा कवा चार लागतात. ती बी मोजा.

पाटलांच्या माणसानं कणगीचं झाकण काढून बगितलं, आत माणूस हाय का म्हणून. माळ्यावर काठी घातली. माणूस काय सापडला न्हाय.

आबा मोठ्या मानाचे व्हते, दादा. इंदापुरात त्यांच्या अंगावर शालजोडी पडायची, तवा लोक उभे राहायचे. असं आपल्याला कुणी बगू ने, एवढंच त्यांनी मागितलं व्हतं, डाव्या हातानं दार दाखवून. ते मी सहा वर्सं पाळलं. तुमी एका पत्रानं मोडलं. लोक गेल्यावर त्यांनी भिताडाकडं तोंड केलं ते अजून फिरवलं न्हाय. जेवण बंद हाय.

आता तुमी इचाराल, मग वाजवतं कोण. न्हाय सांगत.

बना


निमगाव केतकी
२२ जानेवारी १९५६

चि. बना,

काय लिहू? क्षमा मागितली तर ती सोपी वाटेल. मी चुकलो. मला वाटलं मी सत्य शोधतोय, आणि मी एका आजारी माणसाची लाज गावाला दाखवली. पाटलांचं कार्ड आलं, त्यात लिहिलंय, "इसम हयात. संशयास्पद काही नाही." ते मी फाडून टाकलं.

तुझं पत्र मी घरात मोठ्याने वाचलं. तात्या जेवत होते. 'उजवं अंग गेलंय' इथे मी आलो, तेव्हा त्यांचा हात ताटात तसाच राहिला. मग हात न धुता उठले आणि मागच्या अंगणात जाऊन बसले. मी मागे गेलो. ते बोलायला लागले, ते मी जसंच्या तसं लिहितो:

"रामहरी आला व्हता. मांडवाच्या दारात मी सनईला फुंकायची पत्ती बसवत व्हतो. त्यानं कानात सांगितलं. रावजी आत हळदीची चाल वाजवत व्हता. अशी वाजवत व्हता कुंडलिक, का बाया हळद लावायच्या थांबून ऐकत व्हत्या. मला वाटलं, एवढं संपू दे. मग वाटलं, अक्षता पडू देत. मग वाटलं, वरात. बाईमाणूस आजारी हाय, संध्याकाळपातूर काय व्हतंय. आन् खरं सांगू? रावजी गेला असता तर मला एकट्याला वाजवाय लागलं असतं. माझं कोन ऐकणार व्हतं? समद्यांनी म्हटलं असतं, वाजंत्री गेला आन् सूर धरणारा राहिला."

मी विचारलं, काकांना कधी कळलं? "वरात पोचल्यावर मीच सांगितलं. दुपारीच निरोप आला व्हता हे बी सांगितलं. सकाळी म्हणायचं धाडस झालं न्हाय. त्यानं सनई पुसली, फडक्यात गुंडाळली आन् चालत निघाला. गाडीत बसला न्हाय माझ्या संगं."

बना, तू खरी होतीस. तात्यांनी मला तोंडावर खोटं सांगितलं आणि मी ते तुझ्या तोंडावर मारलं.

वाजवतं कोण, हे मी विचारत नाही.

कुंडलिक


जळोची
५ फेब्रुवारी १९५६

कुंडलिकदादांस नमस्कार.

तुमचं पत्र आलं त्याच दिशी आबांना वाचून दाखवलं. 'दुपारीच' ह्या शब्दावर त्यांनी डोळे मिटले. त्यांना ठाऊकच व्हतं, का मी रामहरीला सकाळी धाडलेलं. मीच सांगितलेलं. पण तात्यांनी कबूल केलं हे त्यांना नवं व्हतं. संध्याकाळी दोन घास दूध-भाकरी खाल्ली.

तुमी इचारत न्हाई म्हणालात, म्हणून सांगते. मी वाजवते.

आबा पडले त्याच्या पुढच्या महिन्यात असंच जेवण सोडलं व्हतं. मी लई रडले, लई बोलले, काय उपेग झाला न्हाय. शेवटाला रागानं सनई काढली फडक्यातनं आन् फुंकली. निसतं कुत्रं केकाटल्यावानी. आबांनी डोळे उघडले. असं बगितलं, का हात चालला असता तर थोबाडीत बसली असती. मी दुसऱ्या दिशी परत फुंकली. मला शिकायचं नव्हतं, त्यांना चिडवायचं व्हतं. चिडला तर माणूस जगतो.

मग हळूहळू ते शिकवाय लागले. चुकलं की डाव्या हातानं खाटंवर टक. एक भोक दाबायचं राहिलं तर दोन येळा टक. बरोबर आलं तर काय न्हाय. बरोबर आल्याचं कधी काय केलंच न्हाय त्यांनी. दीड वर्सानं एक चाल पुरी झाली.

लोकांना वाटलं, रावजीबाबा वाजवतात. कालव्याकडनं जाणारी माणसं मळ्याकडं बगून हात जोडायची. मी आबांना सांगायची, तवा तोंडाची एक बाजू हसायची. मग मी तरी का सांगावं? टाकलेली बाई तोंडाला सनई लावून बसती म्हटल्यावर कुणी हात जोडले असते? दगड मारले असते.

मी दम चोरते हे तुमी ओळखलं. सहा वर्सांत दुसऱ्या कुणाला कळलं न्हाय. मला राग आला, दादा, आन् खरं सांगते, बरं बी वाटलं. कुणीतरी ऐकलं म्हणून.

हे कुणाला बोलू नका. वहिनींना बी न्हाय.

बना


निमगाव केतकी
१२ फेब्रुवारी १९५६

चि. बना,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. कोणाला बोललो नाही.

पण एक सांगायला हवं, आणि त्याने तू पुन्हा चिडशील. पाटलांचं कार्ड आलं त्याच दिवशी शिरवळकरांचं पत्र आलं होतं. काका आहेत का, असं त्यांनी विचारलं होतं. मी उत्तर टाकलं, 'आहेत. २६ फेब्रुवारीला रविवारी या. वाजवतील.' तेव्हा तू मला काही सांगितलेलं नव्हतं. मला वाटलं होतं वाजवणारा कोणी शिष्य असेल, तो पुढे येईल.

आता ते निघणार. मी विचार केला तो असा. यंत्राला कान आहेत, डोळे नाहीत. तू काकांच्या खाटेशी, दाराच्या आत बसून वाजव. ते बाहेर ओसरीवर यंत्र लावतील. 'रावजीबाबा आजारी आहेत, कोणासमोर येत नाहीत,' हे साऱ्या गावाला आता ठाऊक आहे. वाजवलं कोणी, असं विचारलं तर मी सांगेन, रावजींनी. अंग गेलं तरी सकाळी थोडा दम येतो, असं सांगेन. काकांचं नाव राहील. तुझ्याकडे कोणी बोट दाखवणार नाही. यात खोटं आहे, पण कोणाचं वाईट नाही.

तात्यांना यायचं आहे. मी नको म्हणालो.

तुझं मत कळव.

कुंडलिक


जळोची
१ मार्च १९५६

कुंडलिकदादा,

तुमचं ऐकलं, कारण आबांचं नाव राहतंय म्हणालात. पण तुमी शाळेची तपासणी निघाली म्हणून आला न्हाई, आन् हितं काय झालं ते तुमाला कुणी सांगायच्या आधी मीच सांगते. दुसऱ्याच्या तोंडातनं गेलं की त्याचं काय व्हतं ते आपण बगितलंय.

शिरवळकर भला माणूस वाटला. चप्पल बाहेर काढून आला, आबांना दारातनंच नमस्कार केला, आत डोकावला न्हाय. यंत्राची तार जीपमधनं ओसरीपातूर आणली. मी दार लोटून घेतलं आन् खाटंच्या पायाशी बसले. भूपाळीची चाल धरली. निम्मी झाली असंल. सुराला कुणी नव्हतं, एकली सनई व्हती. तेवढ्यात बाहेरनं सूर आला.

मला वाटलं, भास झाला. पण बोटं थांबवली न्हाईत. सूर बरोबर माझ्या खाली येऊन बसला, आन् जितं माझा दम तुटायचा तितं तो धरून राहायचा. मला तवा कळलं का सुराचा माणूस कशाला लागतो.

तात्या व्हते. तुमी नको म्हणाला तरी आले. गेणबाच्या गाडीत बसून आले, कुणाला न इचारता ओसरीच्या कडंला बसले आन् सूर धरला.

आबांनी ओळखलं. कसं न्हाय ओळखणार? पंचवीस वर्सं तो सूर त्यांच्या खाली व्हता. त्यांचा डावा हात खाटंवरनं सरकाय लागला. मी वाजवत व्हते, मला वाटलं तात्यांना घालवाय सांगतात. त्यांनी हात लांब केला, दाराची फळी धरली आन् जोर लावून वढली. दार समदं उघडलं. मी अशीच बसलेली, तोंडात सनई, पदर खांद्यावर.

शिरवळकर बगत राहिला. कुंपणाला गेणबा, भामाबाई, आणखी धा-पंधरा माणसं. भामाबाईनं तोंडाला पदर लावला. "अगं बया, ही व्हय!" एवढंच म्हणाली. मी सनई खाली घेतली.

तात्या मधी पडले. म्हणाले, "साहेब, रावजीच वाजवत व्हता, ही निस्ती..." तुमी सुचवलं व्हतं तेच खोटं. आबांनी खाटंवर हात आपटला, चार येळा, पाच येळा. मग माझा दंड धरला आन् मला पुढं ढकललं. एवढा जोर त्यांच्यात कुठनं आला मला ठाऊक न्हाय.

शिरवळकर उठला न्हाय, हसला न्हाय. यंत्र बंद केलं आन् म्हणाला, "पहिलं बिघडलं, ताई. दाराचा आवाज आला मधे. पुन्हा वाजवाल? आणि आधी तुमचं नाव सांगा. यात नाव आधी बोलावं लागतं."

मी आबांकडं बगितलं. मग मीच म्हणाले, "बना रावजी." आडनाव लावलं न्हाय. कुणाचं लावायचं?

परत वाजवली. दार उघडं ठेवून. तात्यांनी सूर धरला. आबांनी तात्यांकडं बगितलं न्हाय, दादा. शेवटपातूर न्हाय. पण उठवलं बी न्हाय.

दुसऱ्या दिशी देवळाच्या पंचांचा निरोप आला, का बाईमाणसानं देवळाकडं जाणाऱ्या वाऱ्याला सनई वाजवू ने. मी म्हटलं, वारा तुमचा, मळा माझा. काही जणांनी भाजी घ्यायचं सोडलंय. भामाबाई मातूर काल येऊन बसली, मेथी निवडून देऊन गेली.

तुमी माझ्यासाठी खोटं रचलं ते मायेनं रचलं हे मला कळतं. पण परत रचू नका.

बना


निमगाव केतकी
२२ एप्रिल १९५६

चि. बना हिस अनेक आशीर्वाद.

काकांच्या दहाव्याला आलो, पण तुझ्याशी बोलता आलं नाही. माणसं होती, आणि माणसं नव्हती तेव्हाही जमलं नाही. म्हणून लिहितो.

तुला वाटलं मी जमिनीसाठी विचारतोय. मी स्वतःला सांगत राहिलो की काकांच्या कलेसाठी विचारतोय, मग म्हणालो त्यांच्या जिवाच्या काळजीने विचारतोय. दोन्ही पूर्ण खरं नव्हतं. कालव्यावर बसून मी सनई ऐकली, तेव्हा काका जिवंत असतील का, हे माझ्या मनात नंतर आलं. आधी आलं ते हे की, त्यांनी कोणाला शिकवली?

मी दहा वर्षांचा होतो, तेव्हा काकांच्या पाया पडून म्हणालो होतो, मला शिकवा. त्यांनी सनई हातात दिली. मी फुंकली. त्यांनी माझ्या छातीवर हात ठेवला आणि म्हणाले, "दम न्हाय. शाळेत जा." मी शाळेत गेलो. मास्तर झालो. सगळे म्हणतात, कुंडलिकचं चांगलं झालं. पण त्या सकाळी ज्याचा दम तुटत होता, त्यालाही काकांनी शिकवलं होतं आणि मला नव्हतं. तो माणूस कोण, हे कळल्याशिवाय मला झोप येईना. म्हणून पाटलांना पत्र गेलं. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. तात्यांनाही नाही.

दुसरं. इंदापूरचे एक बागाईतदार परवा घरी आले होते. वैशाखात त्यांच्या मुलीचं लग्न आहे. मळ्यातली सनई त्यांच्या कानावर गेली आहे. "रावजींच्या लेकीला विचाराल का?" म्हणाले. घरात काही जणांचा विरोध आहे, तेही त्यांनी लपवलं नाही. तात्या सुराला बसायला तयार आहेत, पण तू नको म्हणालीस तर येणार नाहीत, असं म्हणाले.

मी त्यांना तुझा पत्ता दिला. तुझ्या वतीने मी कोणाला शब्द दिलेला नाही.

कुंडलिक


जळोची
२९ एप्रिल १९५६

कुंडलिकदादांस बनाचा नमस्कार.

बागाईतदारांचं पत्र आलं. मी येते म्हणून लिहिलंय. तात्यांना सांगा, आदल्या दिशी हितं यावं, दोन चाली संगं बसवाय लागतील. त्यांनी माझ्या आईचा निरोप दाबला, हे मी इसरले न्हाय आन् इसरणार न्हाय. पण सूर त्यांच्यावानी कुणी धरत न्हाय, आन् आबांनी त्यांना ओसरीवरनं उठवलं न्हाय. मी कशाला उठवू?

तुमी जे लिहिलंत ते वाचून मी लई येळ चुलीपुढं बसून राहिले. भाकरी करपली.

आबांची जीभ वळत नव्हती. तरी रोज सकाळी माझं फुंकून झालं की ते माझ्या छातीकडं बोट करायचे आन् मान हलवायचे. दम न्हाय. पहिलं समदं वर्सभर, एक दिवस चुकला न्हाय. मी सनई पुसायची, फडक्यात ठेवायची आन् दुसऱ्या दिशी परत काढायची.

दादा, तुमी किती दिवस फुंकली व्हती?

बना